ओळखीचं गवत

खतवाल्या ताईंच्या तीनचाकी टेम्पोचा आधी आवाज येतो, मग वास येतो आणि सगळ्यांत शेवटी ताई येतात. हे वाक्य खुद्द ताईंचंच. लोकांनी म्हणायच्या आत आपणच म्हणून टाकलं की टोमण्याची धार बोथट होते, हा त्यांचा अनुभव.

शहर डोळे चोळत असतं तेव्हा त्या निघतात. हॉटेलांच्या मागच्या दारांशी, भाजीच्या दुकानांपाठी, शाळेच्या स्वयंपाकघराबाहेर निळी पिंपं ठेवलेली असतात. त्यांत सालं, देठं, कोबीची वरची पानं, चहाचा चोथा, नासकी फळं. पिंप टेम्पोत उपडं करण्याआधी ताई त्यात कोपरापर्यंत हात घालून चाळवतात. रबरबँड निघतात, प्लास्टिकची टोपणं निघतात, चमचे तर नेहमीचेच. चमचे त्या धुऊन एका डब्यात ठेवतात आणि डबा भरला की हॉटेलांत परत वाटायला जातात. आजवर एकाही हॉटेलला आपला चमचा ओळखता आलेला नाही.

या फेरीत त्यांना माणूस क्वचितच भेटतो. पिंप भरलेलं असतं, त्या ते रिकामं करतात, दार बंदच असतं. ताई येऊन गेल्या हे लोकांना रिकाम्या पिंपावरून कळतं. दुकानात रांगेला उभ्या राहिल्या तर त्यांच्या पुढे आणि मागे एक-एक माणूस सहज मावेल एवढी जागा राहते. ताईंनी ती जागा कधी मनाला लावून घेतली नाही, म्हणजे लावून घेतल्याचं कुणाला दिसलं नाही.

त्या स्वतः उमेदीची सगळी वर्षं एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भाज्या चिरत होत्या. नवरा गेला होता. वारला म्हणून नव्हे, दुसऱ्या शहरात दुसऱ्या घरी राहायला गेला होता. चिरून झाल्यावर जेवढं कढईत जायचं जवळजवळ तेवढंच पोत्यात जायचं, आणि ते पोतं शहराबाहेरच्या कचऱ्याच्या डोंगरावर. त्याच हॉटेलात भाजी घालायला सायकलवरून एक म्हातारे मळेवाले यायचे. त्यांना तेव्हाही सगळे आजोबाच म्हणत. जाताना ते सालांचं एक पोतं कॅरिअरला बांधून न्यायचे.

"गुरं आहेत का?" ताईंनी एकदा विचारलं होतं.

"जमीनच आहे. पण तीही उपाशी आहे."

सुट्टीच्या दिवशी ताई ती जमीन बघायला गेल्या. वर्षानुवर्षं पोत्यातली पांढरी खतं खाऊन ती फरशीसारखी झाली होती. पाणी घातलं की वरच्यावर तरंगायचं आणि उतार दिसेल तिकडे पळायचं. आजोबांनी खुरपं मारलं तर ठण् आवाज आला. "पीक येतं," ते म्हणाले, "पण सलाईनवर ठेवलेल्या माणसासारखं. बाटली काढली की संपलं."

तिथून सुरुवात झाली. ताईंनी नोकरी सोडली, शहराच्या टोकाला पडीक गोदामाचं अंगण भाड्याने घेतलं आणि ढीग घालायला लागल्या. एक थर ओला, एक थर सुका. लोखंडी सळई ढिगात खुपसून ठेवायची, थोड्या वेळाने उपसून मुठीत धरायची. चटका बसला तर ढीग जिवंत, नुसती कोमट लागली तर ढीग सुस्त, उलटून घालायचा. महिनोन् महिने असं केल्यावर देठांची आणि सालांची काळी, भुसभुशीत, पावसानंतरच्या मातीसारखा वास येणारी रास तयार होते. त्या वासाबद्दल मात्र कुणी टोमणा मारत नाही, कारण तो हुंगायला कुणी येत नाही.

आजोबांच्या जमिनीने खुरप्याला आवाज देणं बंद केलं. गांडुळं आली. पाणी मुरायला लागलं. मग शेजारच्या मळेवाल्याने मागितलं, मग त्याच्या मेव्हण्याने, आणि सगळ्यांत शेवटी एका नव्या बाईने. ती पूर्वी बँकेत होती. नोकरी सोडून तिने आजोबांच्या बांधाला लागून जमीन घेतली होती. मळेवाले तिला बँकवाली म्हणत. या मळ्यांमधली भाजी त्याच हॉटेलांत आणि त्याच शाळेत जायला लागली. शाळेतल्या मुलांना घेवड्याच्या शेंगा कच्च्या खायची सवय लागली आणि आचारी शेंगा कमी पडतात म्हणून कुरकुरायला लागला. मळेवाल्यांच्या लेखी ही मोठी बक्षिसी होती.

ताईंच्या लेखी बक्षिसी वेगळी होती. टेम्पोचा आवाज आला की मळ्यांची फाटकं उघडायची. ताईंना खाली उतरावं लागायचं नाही. आजोबा फाटक धरून उभे असत, आणि टेम्पो आत गेला की म्हणत, "या, आमच्या जमिनीच्या सासूबाई. खाऊ आणलाय की नुसता जाच करायला आलात?" दिवसभरात कुणी वाट बघत असल्याची तेवढीच एक जागा होती.

ताईंचा एक नियम होता, आणि सगळ्या मळेवाल्यांना तो तोंडपाठ होता: अनोळखी माल आधी कुंडीत. नव्या ठिकाणाहून काही आलं, मग ती सालं असोत, पाला असो की भुसा, तर ते थेट ढिगात जायचं नाही. त्यातलं थोडं कुंडीतल्या मातीत मिसळायचं, त्यात घेवड्याचे दाणे टोचायचे आणि थांबायचं. घेवडा हे लबाडी न जाणणारं पीक आहे. मातीत काही वावगं असलं तर तो ते पानावर दाखवतो. पानं सरळ आली तर माल ओळखीचा झाला, आणि ओळखीचा माल थेट ढिगात. कुंड्या ताईंच्या खोलीच्या खिडकीत असत. खोलीत दोन खुर्च्या होत्या; खिडकीत मावेनाशा झालेल्या कुंड्या दुसऱ्या खुर्चीवर.

मैदानाचं गवत असंच ओळखीचं झालं होतं.

शहराच्या मधोमध खेळाचं एक मोठं मैदान आहे. त्याच्या रखवालदाराकडे हिरवळ कापायचंही काम होतं, आणि कापलेलं गवत तो भिंतीपाशी ओतून टाकायचा. ढिगाला हिरवा माल हवाच असतो. ताईंनी विचारलं, तो पोती भरून द्यायला तयार झाला. पहिल्या वर्षी त्याच्या गवताच्या कुंड्या लावल्या. घेवडा ताठ मानेने आला.

रखवालदार विधुर होता. प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली मैदानाच्या समितीने दिलेल्या खोलीत राहायचा. फार पूर्वी एका दुखण्यात त्याचं नाक कायमचं गेलं होतं. त्याला वास म्हणून कसलाच येत नसे. पहिल्याच दिवशी ताई दाराबाहेर उभ्या राहून बोलायला लागल्या तेव्हा तो म्हणाला, "आत या की. मला गुलाब काय आणि गटार काय, सारखंच. कुठंही बसा."

ताई बसल्या. कुणाच्या घरात बसून त्यांना किती दिवस झाले होते हे त्यांनी आठवायचा प्रयत्न केला नाही.

मग दर आठवड्याला पोती आणि पोत्यांबरोबर चहा. त्याच्याकडे दोन कप होते, त्यातला एक कान तुटलेला. कानवाला तो ताईंना द्यायचा.

"काय रखवालदार, जागे आहात की झोपेत राखण चाललीय?"

"मैदान कोण पळवून नेतंय, बाई? झोपलो तरी चालतं."

"गवत पळवून नेते की मी."

"तुम्ही चोर असाल तर रोज चोरी होवो."

गप्पा अशाच, वरवरच्या. त्याच्या गुडघ्याच्या, ताईंच्या टेम्पोच्या ब्रेकच्या. ब्रेक आणि गुडघा दोन्ही सारखाच आवाज करतात यावर त्यांचं एकमत झालं होतं.

मागच्या वर्षी उन्हाळा संपता संपता चहा पिताना ताई हिरवळीकडे बघत होत्या. त्या हिरवळीत बारीक पांढरी फुलं असायची, तीन पानांच्या रानटी वेलीची. मधमाश्यांमुळे पोरांना अनवाणी खेळता येत नाही अशी तक्रार व्हायची.

"यंदा ती पांढरी फुलं दिसत नाहीत."

"नव्या समितीला एकसारखं हिरवं लागतं," रखवालदार म्हणाला. "केलाय त्यांनी बंदोबस्त."

बंदोबस्त कसला, हे विचारायला हवं होतं. ताईंच्या ते ओठांवर आलं होतं. पण तो चहा ओतत होता, आणि हा प्रश्न विचारला की ती खोली चहाची राहणार नव्हती, तपासणीची झाली असती. पोती तपासायची, पुन्हा कुंड्या लावायच्या, निकाल लागेपर्यंत गवत घ्यायचं नाही. गवत घ्यायचं नाही म्हणजे यायचंही नाही. ताईंनी कानवाला कप हातात घेतला आणि ब्रेकचा विषय काढला.

त्या गवताचं खत या वर्षीच्या हंगामात मळ्यांत गेलं.

पहिली हाक बँकवालीची आली. ताई पोहोचल्या तेव्हा आजोबा आणि बाकीचे मळेवाले तिच्या टोमॅटोच्या वाफ्यात वाकून उभे होते. रोपं जिवंत होती, हिरवी होती, पण शेंडे मुठीसारखे आवळले होते आणि पानं नेच्याच्या पानांसारखी अरुंद होऊन पिळवटली होती. पलीकडे आजोबांच्या घेवड्याची पानं चमच्यासारखी वळली होती. मधल्या वाफ्यातला मका मात्र मजेत वाऱ्यावर डोलत होता.

"रोग आहे," शेजारचा मळेवाला म्हणाला. "पांढरी माशी आणते तो."

"माशी कुठंय पण?" बँकवालीने पान उलटं करून दाखवलं. तिच्या पहिल्याच मोठ्या लागवडीतले हे टोमॅटो होते. शाळेने ते आधीच मागून ठेवले होते.

"बियाणंच खोटं असेल," मेव्हणा म्हणाला.

"माझं घरचं बियाणं आहे," आजोबा म्हणाले. "ते खोटं निघायचं तर आधी मी खोटा निघालो असतो."

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. संशयाने नव्हे, घरच्या माणसाचं मत घ्यावं तसं. ताईंची नजर मक्यावर होती. रुंद पानाचं ते वळलंय आणि गवताच्या जातीचं ते डोलतंय. असा भेदभाव ना माशी करते, ना बियाणं. तो माणसाने बाटलीत भरलेल्या औषधाचा असतो.

"बघते," एवढंच म्हणून त्यांनी एक पान खिशात टाकलं. "तोवर माझं खत कुठेही घालू नका."

"खताचा काय संबंध?" आजोबा म्हणाले. "तुमच्या खताला नावं ठेवायची म्हणजे आईच्या हातच्या जेवणाला नावं ठेवायची."

त्या दिवशी ताईंना ते बोलणं फार लागलं.

घरी आल्यावर त्यांनी सगळ्याच कुंड्या लावल्या. हॉटेलचा माल वेगळा, शाळेचा वेगळा, दुकानांचा वेगळा, आणि मैदानाच्या गवताची एक, तिच्या काठाला लाल दोरा. अंगणात या वर्षीच्या गवताचा एक अख्खा ढीग तापत होता, त्यातलीही एक. दाणे टोचले, पाणी घातलं. मग करण्यासारखं काही उरलं नाही. खतवाल्याच्या धंद्यात घाई कुठेच चालत नाही. एरवी ताईंना हेच आवडायचं.

मळ्यांकडे जायला कारण नव्हतं. मैदानाकडे जायला कारण होतं, पण पाय वळत नव्हता. सकाळची फेरी व्हायची, पिंपं रिकामी व्हायची. चमच्यांचा डबा भरला होता, तो वाटून झाला. संध्याकाळी खिडकीपाशी बसून त्या मातीकडे बघत राहायच्या. धाकट्या बहिणीचा फोन आला.

"काय करतेस?"

"घेवडा उगवायची वाट बघतेय."

"तुझ्या वयाच्या बायका नातवंडांची वाट बघतात."

"घेवडा वेळेवर तरी येतो."

"बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे. तुझी बारा कधीच होऊन गेली."

"उकिरड्याचे फिटले की. त्याला चार माणसं विचारतात. राहिले ते माझे."

बहीण म्हणाली, "ये ना इकडे राहायला."

"वासासकट?"

"आंघोळ करून ये, बाई."

दोघी हसल्या. फोन ठेवल्यावर ताईंच्या लक्षात आलं की टोमॅटोंबद्दल आपण चकार शब्द काढला नाही.

घेवडा आला. पहिली दोन पानं सगळ्याच कुंड्यांत बरी दिसत होती. पुढची पानं आली तेव्हा हॉटेलची कुंडी सरळ होती, शाळेची सरळ, दुकानांची सरळ. लाल दोऱ्याच्या कुंडीतलं रोप मान खाली घालून उभं होतं, पानं चमच्यासारखी वळलेली. तापत्या ढिगाच्या कुंडीतही तेच. खिशातलं वाळलेलं पान ताईंनी शेजारी धरून पाहिलं. पाहायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या मैदानावर गेल्या. रखवालदाराने कप काढले. ताई बसल्या नाहीत.

"बंदोबस्त कसला केला होता समितीने?"

त्याला आधी कळलंच नाही. मग कळलं. "कंपनीचा माणूस येतो टाकी घेऊन. टॉनिक म्हणाला. हिरवळीचं टॉनिक."

"टॉनिकने फुलं मरतात होय?"

तो म्हणाला, "तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं, बाई."

"ठाऊक आहे. म्हणूनच नाही विचारलं."

काय झालं ते त्यांनी सांगितलं. ते औषध फक्त रुंद पानाच्या तणाला मारतं, गवतात राहतं, आणि ढिगाच्या उष्णतेनेही पुरतं मरत नाही. ढिगातून ते खतात गेलं, खतातून मळ्यात. रखवालदार खुर्चीच्या कडेवर टेकला.

"म्हणजे मी विष दिलं?"

"तुम्ही गवत दिलंत. विष मी नेलं."

"मैदानाचं नाव काढणार का?" त्याने खाली बघत विचारलं. "गवत बाहेर द्यायला मी कुणाची परवानगी घेतली नव्हती. नवे लोक निमित्तच शोधतायत. बोभाटा झाला तर आधी ही खोली जाईल. मग मी कुठं जाऊ?"

खोलीत एक खाट होती, एक शेगडी, खिळ्याला टांगलेला कोट. ताईंनी सगळं एकदा नीट पाहून घेतलं, जसं काही मोजदाद करायची होती.

"नाही काढणार. पण गवत आता कुणाला म्हणजे कुणालाच द्यायचं नाही. घोड्यांनाही नाही, बागेलाही नाही. भिंतीपाशी ओतायचं, तिथेच कुजू द्यायचं."

"ओततो." मग जरा थांबून, अपराध्यासारखं, "आणि बाई, तुमचा टेम्पो फाटकाशी उभा दिसला तर लोक दोन आणि दोन चार..."

"कळलं."

चहा झालेला होता. तो तसाच राहिला.

आजोबांच्या मळ्यात भाजी धुवायची एक शेड आहे. मळेवाल्यांना काही ठरवायचं असलं की ते तिथे जमतात. ताई लाल दोऱ्याची कुंडी आणि एक सरळ कुंडी घेऊन गेल्या. फाटक उघडलेलं होतं. आजोबा सासूबाईंचा विनोद करणार तेवढ्यात त्यांनी कुंडी पाहिली.

ताईंनी प्रस्तावना केली नाही. "तुमच्या पिकाला रोग नाही आणि बियाणंही खोटं नाही. माझ्या खतातून तणनाशक आलंय. एका ठिकाणचं गवत होतं. ओळखीचं म्हणून पुन्हा तपासलं नाही. चूक माझी."

नळ ठिबकत होता. मेव्हण्याने तो घट्ट बंद केला.

"किती दिवस राहतं ते जमिनीत?" बँकवालीने विचारलं.

"जमीन जिवंत असेल तर तीच हळूहळू खाऊन टाकते. तुमची जिवंत आहे. एखादा हंगाम, कदाचित दोन. तोवर त्या वाफ्यांत मका लावा, गवत लावा. टोमॅटो, घेवडा, वाटाणा नको."

"कुठलं गवत?"

"ते सांगणार नाही. तिथून पुन्हा काही येणार नाही, एवढं सांगते."

"ताई, हे चालायचं नाही," बँकवालीचा आवाज चढला नव्हता, उलट उतरला होता. "मी शाळेला काय सांगू? माझं पीक गेलं आणि कुणामुळे गेलं ते मला कळायलाही नको?"

"माझ्यामुळे गेलं."

"तुम्ही कुणाला तरी पाठीशी घालताय."

ताईंनी कुंडीचा लाल दोरा नीट केला. ते उत्तरच होतं. शेजारचा मळेवाला म्हणाला, "दुधाने तोंड पोळलंय, ताई. आता आम्ही ताकही फुंकून पिणार."

"प्याच. मी तेच सांगायला आलेय."

"पण तुम्ही नाव लपवायचं आणि आम्ही विश्वास ठेवायचा, तो कसा?" बँकवालीने विचारलं.

"ठेवू नका," ताई म्हणाल्या. "माझ्यावर ठेवू नका. यापुढे प्रत्येक ढिगाची कुंडी टेम्पोत माझ्याबरोबर येईल. ओळखीचा माल असो की अनोळखी. पान बघा. सरळ असेल तर खत उतरवून घ्या, नसेल तर मला फाटकातून परत पाठवा."

आजोबा इतका वेळ लाल दोऱ्याच्या कुंडीकडे बघत होते. "मी म्हणालो होतो, आईच्या हातचं जेवण," ते म्हणाले. ते ताईंना ऐकवायला म्हणाले की स्वतःला, हे कळलं नाही. मग उठले आणि मक्याचं बियाणं काढायला गेले.

मेव्हण्याने त्या दिवसापासून ताईंचं खत घेणं बंद केलं. तो दुरून शेण मागवतो. बाकीच्यांनी पुढच्या ढिगाला फाटक उघडलं, पण आवाजावर नाही. आता ताई टेम्पो फाटकाबाहेर उभा करतात, खाली उतरतात, कुंडी गजांपाशी धरतात. आतून कुणीतरी येतं, पान उलटून बघतं, खालून बघतं, मग कडी काढतं. आजोबा स्वतः आले तर चष्मा लावून बघतात आणि "हं" म्हणतात. सासूबाई म्हणत नाहीत. ताईंच्या मते हे असंच हवं. आजोबांना कोण आवडतं आणि कोण नाही, याच्याशी घेवड्याला काही देणंघेणं नसतं.

दूषित ढीग त्यांनी अंगणाच्या टोकाला ओढून ठेवला. तो अजून तिथेच आहे. त्याच्यावर दुसरं काही येत नाही, फक्त गवत येतं, हिरवंगार, एकसारखं. नव्या समितीला बघायला बोलवावं असं.

दर थोड्या दिवसांनी ताई बँकवालीच्या त्या वाफ्यात जाऊन मक्याच्या ओळींमध्ये घेवड्याचे चार दाणे टोचायच्या. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी अडवलंही नव्हतं. बँकवाली दुसऱ्या टोकाला काम करत असायची. बोलणं व्हायचं ते पाण्यापुरतं. पहिल्या वेळी घेवडा वळला. पुढच्या वेळी कमी वळला. मका काढून झाल्यावर, थंडी सरता सरता, रोपं वर आली आणि त्यांची पानं तळहातासारखी सपाट उघडली. ताई तिथेच उकिडव्या बसून राहिल्या. बँकवाली वाफ्यांतून चालत आली, वाकली, पान उलटं केलं, खालून पाहिलं.

"टोमॅटो लावते मग," ती म्हणाली.

"लावा."

ती दोन पावलं गेली आणि वळून म्हणाली, "पाण्याची झारी शेडमध्ये आहे. हात धुवायला." आणि गेली. ताईंनी हात धुतले.

मैदानावरून त्या रोज जातात, रस्ताच तो आहे. टेम्पो थांबवत नाहीत. रखवालदार कधी हिरवळ कापत असतो. ब्रेकच्या आवाजाने मान वर करतो आणि पुन्हा कामाला लागतो.

टोमॅटोची रोपं लावून झाली त्या सुमारास एका सकाळी गोदामाच्या दाराशी एक पोतं उभं होतं. तोंड सुतळीने बांधलेलं, गाठ खेळाच्या जाळ्या बांधतात तशी. आसपास कुणी नव्हतं. ताईंनी गाठ सोडली. आत कापलेलं गवत होतं, आणि त्या गवतात बारीक पांढरी फुलं, अर्धवट वाळलेली. मैदानाच्या कुठल्या कोपऱ्यातलं असेल, खोलीमागच्या की भिंतीपलीकडच्या. टाकीवाल्याची नजर चुकवून राखलेलं की कंत्राटच संपलेलं. पोत्यावरून काही कळत नव्हतं.

ताईंनी मूठभर गवत घेतलं, पोत्याची गाठ पुन्हा घट्ट बांधली आणि पोतं ढिगांपासून दूर ठेवलं. खोलीत येऊन कुंडी भरली, दाणे टोचले, काठाला लाल दोरा बांधला. खिडकीत जागा नव्हती. कुंडी दुसऱ्या खुर्चीवर ठेवली, चहा केला आणि समोर बसल्या.

घेवडा यायला अजून अवकाश होता.